दुसरी सही

माझी वहिनी रागीट आहे हे आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्या रागाचा आवाज होत नाही. ती भांडी आपटत नाही, दारं आदळत नाही. राग आला की ती हळू बोलायला लागते, एकेक शब्द सुटा करून, आणि समोरच्याला वाटतं, यापेक्षा हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिची धाकटी नणंद. माझा संसार मोडला तेव्हा तिने आणि दादाने मला घरातली मागची खोली दिली. तिथे बसून मी शाळेचे गणवेश शिवते. त्यामुळे जे घडलं त्यातलं निम्मं मी मशीनवर बसून ऐकलं आणि निम्मं डोळ्यांनी पाहिलं. लोक अजून मला बाजूला घेऊन विचारतात, नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहणारी ही बाई आहे तरी कशी. म्हणून सांगते.

वहिनी ठसेतज्ज्ञ आहे, आणि दादाही. दोघं एकाच सरकारी केंद्रात. गुन्ह्याच्या जागी सापडलेले बोटांचे ठसे त्यांच्याकडे येतात आणि ते कुणाचे हे तिथली माणसं ठरवतात. कॉम्प्युटर आहे, पण तो फक्त सारखे दिसणारे ठसे पुढे करतो, दुकानदार साड्या पुढे टाकतो तसे. यातला खरा कुठला, किंवा यातला एकही नाही, हे भिंगाखाली डोळे घालून माणसालाच सांगावं लागतं.

हे काम तिने मला शिकवलं, मी न विचारता. बोटाच्या टोकावरच्या रेघा एका बाजूने येऊन, वळसा घेऊन, त्याच बाजूला परत गेल्या तर तो शंख. गोल फिरल्या तर चक्र. एका बाजूने येऊन मधे उंचावून दुसऱ्या बाजूला उतरल्या तर कमान. निम्म्याहून जास्त बोटांवर शंखच असतात, म्हणून नुसता शंखाला शंख जुळला तर काहीच जुळलं नाही असं समजायचं. मग पुढचं बघायचं. कुठली रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, दोन लांब रेघांच्या मधे एखादी आखूड रेघ अडकून पडलीय का. कुणाकडे गेलो की वहिनी पाण्याचा रिकामा पेला उजेडात धरून बघायची. यजमानीणबाईंना वाटायचं, पेला नीट धुतला नाही म्हणून ही नाक मुरडतेय. दोन घरांशी आमचं येणंजाणं त्यावरून बंद झालं.

दादाचा स्वभाव अगदी उलटा. त्याला वाद नको असतो. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी हा देऊन मोकळा होतो आणि वर थँक यू म्हणतो. त्या दोघांची ओळख झाली तीच प्रशिक्षणाच्या वर्गात, एका ठशावरून भांडून. तो शंख म्हणत होता, ही उभी कमान म्हणत होती. दादाने संध्याकाळपर्यंत तग धरला आणि मग तूच बरोबर आहेस म्हणून कबूल केलं. घरी येऊन आईला म्हणाला की लग्न करायचंय. आई म्हणाली, हरलास आणि वर लग्नही करतोस. बरीच वर्षं आम्ही या गोष्टीवर हसलो.

आता हसत नाही.

एक म्हातारी बाई होती. शहराच्या जुन्या भागात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, मुलगा परदेशात. एक दिवस शेजाऱ्यांना ती झोपायच्या खोलीत पडलेली सापडली. कुणीतरी ढकललं होतं, डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं होतं. कपाट उचकटलेलं, दागिने गेलेले. कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या आरशावर, दार ओढून धरताना बोट टेकावं तिथे, एक ठसा मिळाला. पूर्ण नव्हता, पण होता तेवढा लखलखीत. वर्तमानपत्रांनी म्हातारीचा फोटो रोज छापला. पोलिसांवर वरून दट्ट्या आला आणि पोलिसांनी तो ठसे केंद्राकडे सरकवला.

केंद्राचे साहेब म्हणजे बडं प्रस्थ. कुणावर कधी खेकसले नाहीत. प्रत्येकाला नावाने हाक, प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी. दादाला कावीळ झाली तेव्हा ते स्वतः दवाखान्यात येऊन उशाशी बसले होते. कामात त्यांची ख्याती अशी की साहेबांची नजर पडली की ठसा बोलायला लागतो. ही ख्याती त्यांनाही आवडायची. आम्हाला बघावं लागत नाही, आम्हाला दिसतं, असं ते नव्या लोकांना सांगायचे. वहिनीला हे वाक्य पहिल्यापासून खुपायचं.

कॉम्प्युटरने जी नावं पुढे केली त्यात एक रंगारी होता. रंगकामाला नुकता लागला होता तेव्हा एका मारामारीत सापडला होता, तेव्हाचं त्याचं ठशांचं कार्ड पोलिसांकडे पडून होतं. आणि योगायोग असा की काही महिन्यांपूर्वी याच रंगाऱ्याने म्हातारीच्या बाल्कनीच्या गजांना रंग दिला होता. मग काय, सगळ्यांना कोडं सुटल्यासारखं वाटलं. साहेबांनी ठसा पाहिला आणि जुळतो म्हणून सही केली. त्याच संध्याकाळी रंगाऱ्याला उचललं.

या कामाचा एक नियम आहे. एकाने जुळतो म्हटलं की दुसऱ्याने तोच ठसा पुन्हा तपासायचा, पहिल्याचं मत न बघता, कोऱ्या डोळ्यांनी. दोन सह्या झाल्या तरच अहवाल पुढे जातो. दुसरी सही वहिनीची असणार होती. तिच्या टेबलावर फोटो आले ते साहेबांनी लाल टिंबं मारलेले. इथला फाटा इथे जुळतो, इथलं टोक इथे जुळतं, अशी दोन्ही फोटोंवर जोडीजोडीने. तिने ते पालथे घातले आणि साहेबांकडे कोऱ्या प्रती मागितल्या. साहेब हसले, म्हणाले, तुमचा वेळ वाचावा म्हणून केलं. वहिनी म्हणाली, वेळ वाचवून मी कुठे जाणार आहे.

कोऱ्या प्रती घेऊन ती बसली. दोन्हीकडे डावीकडे झुकलेला शंख. गाभ्याजवळ एक फाटा दोन्हीकडे, अगदी त्याच जागी. फसवणारं साम्य होतं, तिने स्वतःच तसं सांगितलं. पण खाली, जिथे तीन बाजूंच्या रेघा एकत्र येतात तिथे, आरशावरच्या ठशात दोन लांब रेघांच्या मधे एक आखूड रेघ होती, तांदळाच्या दाण्यासारखी. रंगाऱ्याच्या जुन्या कार्डावर ती नव्हती. एवढा एक फरक का पडला हे सांगता येत नसेल तर बाकी कितीही जुळलं तरी तो ठसा त्या माणसाचा नाही, हे त्यांच्या धंद्यातला पहिला पाठ आहे.

साहेबांचं म्हणणं पडलं की रंगाऱ्याचं बोट आहे, पॉलिश पेपरने घासून घासून कार्डाच्या वेळी रेघ झिजली असेल. वहिनीने विचारलं, मग अटकेनंतर घेतलेले त्याचे ताजे ठसे कुठे आहेत. ते होते, पण साहेबांनी ते बाजूला ठेवले होते, कारण त्यात काही दिसतच नव्हतं. नुसता शाईचा डाग. भिंती घासून आणि थिनरने हात धुऊन त्या माणसाची बोटं साबणाच्या वडीसारखी सपाट झाली होती. म्हणून जुनं कार्ड वापरलं. वहिनी म्हणाली, ज्या बोटाचा शाईत दाबूनही ठसा उठत नाही, त्याने आरशावर इतका स्वच्छ ठसा उठवला कसा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, विचार करा, घाई नाही. तिने घाई केली नाही. ठसा जुळत नाही, असं स्पष्ट लिहून दिलं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा रागावलेली नव्हती. थकली होती, पण बरी होती. दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, पानात वाढून दिलं.

दोन दिवसांनी तेच फोटो, लाल टिंबांसकट, साहेबांनी दादाच्या टेबलावर ठेवले. आणि दादाने सही केली.

हे तिला घरी कळलं नाही, केंद्रातल्या शिपायाकडून कळलं. ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि दादासमोर बसली. मी मशीन थांबवलं. मशीन चालू ठेवायला हवं होतं असं नंतर वाटलं.

"तू पाहिलास तो ठसा?" तिने विचारलं.

"पाहिला. मला जे दिसलं ते मी लिहिलं."

"तुला जे दाखवलं ते तू पाहिलंस."

दादा म्हणाला की साहेबांची नजर तीस वर्षांची आहे, आणि तूही माणूसच आहेस, तुझीही चूक होऊ शकते. ती म्हणाली, होऊ शकते, म्हणून तर दुसरी सही असते. खालची आखूड रेघ तुला दिसली का, एवढं सांग. तिने पुन्हा विचारलं, आणखी हळू. तो म्हणाला, दिसली, पण साहेब म्हणाले झिजलं असेल, आणि ते पटण्यासारखं होतं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला की साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत, त्यांना हे प्रकरण तडीस न्यायचंय, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तिसऱ्याकडे नेलंच असतं.

"मग न्यायचं होतं तिसऱ्याकडे," वहिनी म्हणाली. "तो तिसरा माझ्या घरात जेवत नाही."

दादा माझा सख्खा भाऊ. लहानपणी माझ्या वाटचा मार त्याने खाल्लाय. पण त्या संध्याकाळी मला त्याचा इतका संताप आला की मी उठून गेले आणि दोन सदऱ्यांना उलट्या बाजूने खिसे लावले. दुष्ट माणसावर रागवायला सोपं असतं. हा दुष्ट नव्हता. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून त्याने एका परक्या माणसाला खड्ड्यात ढकललं होतं, आणि पुन्हा वर त्यालाच वाईट वाटत होतं. याचं करायचं काय?

वहिनीने वरच्या कार्यालयाला लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही, बदलीचा हुकूम आला. बदली त्याच इमारतीत, तळमजल्यावर, जिथे जुनी कार्डं दोरीने बांधून ठेवलेली असतात. तपासायला ठसा म्हणून हातात द्यायचा नाही. सहकारी जिन्यात भेटले की बुटांच्या लेस बांधायला वाकायचे. ती घरी येऊन भाजी चिरताना म्हणायची, इतक्या लेसा सुटतात कशा या लोकांच्या. दादाशी तिचं बोलणं गॅस, किल्ली आणि पाणी एवढ्यावर आलं होतं. झोपायला ती माझ्या खोलीत येऊ लागली.

दादाने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही. फळं आणून ठेवायचा, तिचे कपडे इस्त्रीला देऊन आणायचा. तिला त्याचा जास्तच राग यायचा. मला म्हणाली, एक माणूस आत बसलाय आणि हा मला पेरू आणून देतोय.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. मी खिडकीतून पाहिलं तर खाली एक बाई उभी होती, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायातल्या चपलेवर पांढऱ्या रंगाचे वाळलेले थेंब. वर्तमानपत्रात तज्ज्ञ म्हणून दादाचंही नाव छापून आलं होतं, त्यावरून पत्ता शोधत आली होती. रंगाऱ्याची बायको. दादाने ओळखलं असावं. तो आतल्या खोलीत गेला आणि मला म्हणाला, सांग, मी घरी नाही. मी जागची हलले नाही. दार वहिनीने उघडलं.

बाईला वाटलं हीच तज्ज्ञांची बायको, हिच्या हातापाया पडलं तर काही होईल. ती वाकायला लागली तशी वहिनीने तिचे दंड धरले आणि तिला खुर्चीवर बसवलं. बाई सांगू लागली की तिचा नवरा त्या महिन्यात एका शाळेचे दरवाजे घासत होता, ठेकेदाराला विचारा, त्याची बोटं अशी झाली होती की बँकेतलं अंगठ्याचं मशीनही ती घेत नव्हतं. मोठ्या साहेबांना सांगा, एकदा त्याच्या बोटांकडे नीट बघा म्हणावं.

आत दादा सगळं ऐकत होता. मधे फक्त पडदा.

"साहेबांना मी सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "त्यांनी ऐकलं नाही. तुमच्या वकिलांना सांगा, मला साक्षीला बोलवा. कोर्टाचा समन्स आला की मला कुणी अडवू शकत नाही. माझं नाव लिहून घ्या."

बाईने विचारलं, पण तुमचे मालक तर तिकडून आहेत ना.

"हो," वहिनी म्हणाली, आणि आवाज किंचित चढवला, पडद्याच्या दिशेने. "तेही येतील. त्यांना जे दिसलं ते तेही सांगतील."

समन्स आला तेव्हा आमच्याकडे नातेवाइकांची रीघ लागली. मावशा, मामा, माझा एक चुलत दीर, जो माझ्या सासरचा असून माझ्या घटस्फोटात कधी फिरकला नव्हता. घरातलं भांडण घरात ठेवावं, असं प्रत्येकाचं म्हणणं. वहिनीने प्रत्येकाला चहा दिला आणि विचारलं, हे घरातलं भांडण आहे, मग तो रंगारी कोठडीत का आहे. त्यावर मामा म्हणाले, चहात साखर कमी आहे.

खटला उभा राहायला बरेच महिने गेले. मी दोन्ही दिवस कोर्टात होते. पहिल्या दिवशी साहेबांची साक्ष झाली. शांत, गोड, सगळ्यांना समजेल अशी. मोठे केलेले फोटो, लाल टिंबं, एकेक जोडी. ऐकताना मलासुद्धा वाटलं, जुळतंय की. मग दादा उभा राहिला. रंगाऱ्याच्या बाजूने एक तरुण वकीलबाई होत्या, त्यांनी त्याला एवढंच विचारलं, तुमच्या हातात फोटो आले तेव्हा त्यांवर खुणा आधीच होत्या का. दादाने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडे बघून हसले, दवाखान्यात बसायचे तसेच.

दादा म्हणाला, "हो. होत्या. आणि माझ्या बायकोने नकार दिलाय हेही मला माहीत होतं."

सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली रुमालाची घडी तिने उलगडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी तिची साक्ष. सरकारी वकिलांनी तिला उलटंपालटं केलं. बदलीचा राग आहे का, साहेबांच्या जागेवर डोळा होता का, घरात नवऱ्याशी पटत नाही हे खरं का. तिने सांगितलं, नवऱ्याशी पटत नाही हे खरं आहे आणि त्याचं कारण हाच ठसा आहे. कोर्टात कुणीतरी हसलं. मग वकील मुद्द्यावर आले. रंगाऱ्याचं बोट झिजलेलं आहे, तुम्हीही हे मान्य करता, मग जुन्या कार्डाच्या वेळीही ती आखूड रेघ झिजून गेली नसेल कशावरून. तिथे ती हळू बोलायला लागली आणि मला कळलं, आता खरा राग आलाय.

ती म्हणाली, "रेघ झिजली तर पुसट होते. काम थांबलं की काही आठवड्यांत बोट भरून येतं, आणि तीच रेघ त्याच जागी पुन्हा वर येते. हा माणूस इतके महिने कोठडीत आहे. तिथे त्याला घासायला दरवाजे दिलेले नाहीत. आज त्याची बोटं भरलेली असतील. इथे, सगळ्यांसमोर, त्याचे ठसे घ्या. ती रेघ असली तर मी चुकले. नसली तर तो ठसा त्याचा नाही."

ठसे पुन्हा घेऊन बघावेत असं इतक्या महिन्यांत कुणाच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर कुणाला ते नको होतं. न्यायाधीशांनी रंगाऱ्याला पुढे बोलावलं. शाईची काच आली, रूळ आला. तो माणूस हात पुढे करून उभा राहिला आणि स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला. ठसे दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे गेले, तिथल्या लोकांना कुणाचं मत काय आहे हे न सांगता. उत्तर आलं ते स्पष्ट होतं. बोटाच्या रेघा अगदी स्वच्छ उठल्या होत्या. आखूड रेघ नव्हती. शिवाय आणखी दोन फरक निघाले, जे वहिनीलाही जुन्या कार्डावर दिसले नव्हते. आरशावरचा ठसा रंगाऱ्याचा नाही.

तो सुटला. आता सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्याच्या ठेकेदाराने परत घेतलं नाही, कारण लोक विचारतात म्हणे. त्याची मुलगी शाळा सोडून कापडाच्या दुकानात लागली होती, ती तिथेच राहिली. साहेब ठरल्या दिवशी निवृत्त झाले. शाल, गुच्छ, भाषणं. एका प्रकरणावरून माणसाची कारकीर्द मोजू नये, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. वहिनीला वरच्या मजल्यावर परत घेतलं, तेही कोर्टाने ताशेरे ओढले म्हणून. आणि ज्याने त्या म्हातारीला ढकललं तो अजून मोकळा आहे. अभिनंदन करायला कुणी आलं की वहिनी हेच विचारायची. म्हातारीचं काय? इतके महिने सगळे चुकीच्या माणसाला धरून बसले, तोवर बरोबर माणूस कुठे गेला? पेढे घेऊन आलेली माणसं पेढे टेबलावर ठेवून लवकर उठायची.

दादाने मग तज्ज्ञपदाचा राजीनामा लिहिला. यापुढे तज्ज्ञ म्हणून सही करणार नाही, कारकुनी काम द्यावं. त्याला वाटलं होतं, वहिनीला बरं वाटेल. तिने तो वाचला आणि त्याच्या हातात परत दिला.

"हेही पळणंच आहे," ती म्हणाली. "साहेबांच्या सहीखाली तू आजवर किती सह्या केल्यास?"

दादाला सांगता येईना.

"त्या सगळ्या पुन्हा तपासायच्या. मग सोड हे काम."

तिने अर्ज केला. नव्या साहेबांनी टोलवला. तिने पुन्हा केला, वकीलबाईंनी त्याला पत्र जोडलं, आणि शेवटी परवानगी मिळाली ती एवढीच की ज्या प्रकरणांत फक्त जुने साहेब आणि दादा या दोघांच्या सह्या आहेत आणि माणसाला शिक्षा झाली आहे, तेवढी बघावीत, कचेरीचं काम संपल्यावर. मग संध्याकाळी वहिनी आणि दादा वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे. कोऱ्या प्रती, टिंबं नाहीत, एकमेकांना विचारायचं नाही. तिसरा एकजण दोघांची मतं ताडून बघायचा. घरी येताना दोघं एकाच बसने यायचे आणि वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. बहुतेक प्रकरणं बरोबर निघाली. साहेबांची नजर खोटी नव्हती, हे वहिनीने मोकळेपणाने सांगितलं. पण एक प्रकरण चुकीचं निघालं, आणि ते दादानेच आधी ओळखलं.

एका दुकानफोडीचं होतं. त्या माणसाने पूर्ण शिक्षा भोगली होती आणि सुटून टायरच्या पंक्चरचं दुकान टाकलं होतं. खात्याकडून त्याला रीतसर कळवण्यात येईल, असं नव्या साहेबांनी सांगितलं. वहिनी म्हणाली, कागद पाठवून तोंड चुकवायचं नाही. दादाला म्हणाली, सही तुझी आहे, तूच जाऊन सांग. तो म्हणाला, तू येशील का. ती गेली, आणि का कोण जाणे, मलाही घेऊन गेली.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी. तो माणूस पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता. दादाने आपण कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं. अडखळला, पण काही लपवलं नाही. तो माणूस ऐकताना ट्यूब फिरवत राहिला. बुडबुडे आले तिथे त्याने खडूने खूण केली, ट्यूब पुसली आणि मगच वर पाहिलं.

तो म्हणाला, "मी आत असताना आई गेली. भेटायला यायची तेव्हा दर वेळी सांगायची, केलं असशील तर कबूल कर, मन हलकं कर. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं, मीच केलं. कारण बोटाचा ठसा खोटा नसतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आता हे तिला कोण सांगणार?"

एक स्कूटरवाला पंक्चर काढायला थांबला तेव्हा तो माणूस उठून त्याच्याकडे गेला आणि आमच्याकडे पुन्हा वळला नाही.

परत येताना दादा रस्त्यातच थांबला. त्याने वहिनीला विचारलं, तू मला कधी माफ करशील का. मला वाटलं ती रडेल. इतक्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

"मला कशाला विचारतोस?" ती म्हणाली. "माझं काय गेलं?"

आणि चालू लागली, इतक्या भरभर की आम्हाला गाठता येईना.

पंक्चरवाल्याने नंतर वकीलबाईंमार्फत खटला पुन्हा उघडण्यासाठी अर्ज केला. तारखा पडताहेत. दादा प्रत्येक तारखेला रजा काढून जातो, बाहेरच्या बाकावर बसतो, आणि पुकारा झाला की आत जाऊन सांगतो की दुसरी सही माझी होती. वहिनी त्याच्याबरोबर जात नाही. पण तारखेच्या दिवशी त्याचा डबा ती भरते. झाकण इतकं घट्ट बसवते की दुपारी त्याला ते कुणाकडून तरी उघडून घ्यावं लागतं.